तळपायातली जांभळी काच

"हे तुमचंच का?" सर्जन मॅडमनी विचारलं.

त्यांच्या चिमट्याच्या टोकाला एक जांभळा तुकडा होता. करंगळीच्या नखाएवढा. दिव्याखाली धरल्यावर त्याच्यावरची चमकी लखलखली. हा तुकडा त्यांनी नुकताच माझ्या उजव्या तळपायातून बाहेर ओढला होता आणि तो निघताना मला काहीही जाणवलं नव्हतं. मी आपला उताणा पडून, छताचा पंखा शेवटचा कधी पुसला असेल याचा विचार करत होतो.

"बांगडी आहे," शेजारी उभी असलेली माझी बायको सुमन म्हणाली. मग तिनं जवळ येऊन नीट पाहिलं. "माझी नाही."

त्या खोलीत एका वेळी दोन निदानं झाली. मॅडम म्हणाल्या, "डायबेटिक फूट अल्सर आहे. खोल गेलाय आणि पू झालाय. आजच ॲडमिट व्हा." सुमनचं निदान ती तोंडानं बोलली नाही, पण इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला ते आपोआप ऐकू येतं.

डायबेटिक फूट अल्सर म्हणजे मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाला झालेली अशी जखम, जी भरायचं नाव घेत नाही. ज्यांच्या घरात साखरेच्या गोळ्यांचा डबा जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी असतो, अशा सगळ्यांसाठी मी हे लिहितोय. हसा, पण वाचून झालं की आधी आपले तळपाय बघा.

माहिती घेताना मॅडमनी विचारलं, "काम काय करता?"

"पनवेलच्या बाजारात दुकान आहे."

"कसलं?"

"चपलांचं."

मॅडमनी माझ्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात धरून बराच वेळ खोकल्या.

आता ही काच पायात गेली कशी, ते सांगतो. माझी मोठी बहीण, आमची अक्का, पळस्प्याच्या पुढं गावात राहते. तिच्या धाकट्या मुलाची हळद होती. आमच्याकडे लग्नाला एखादा आला नाही तरी चालतं, हळदीला मात्र सगळं गाव लोटतं. बँजो वाजायला लागला की नवरदेवाचा मामा बसून राहिला असं आजवर झालेलं नाही. चपला मांडवाबाहेर काढल्या आणि मी नाचलो. अक्का नाचली, दाजी नाचले, केटररची माणसं नाचली. घामाघूम होऊन घरी आलो आणि झोपलो.

काही दिवसांनी घरात फरशीवर तांबूस डाग दिसायला लागले. स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत एक रांग, तिथून बाथरूमकडे दुसरी. मी ओळखलं, शेजारचं मांजर उंदीर मारून आमच्या घरातून फिरवतंय. पोछा घेतला आणि पुसायला लागलो. एक रांग पुसून मागं वळलो तर मागं नवी रांग तयार. मांजराला चार शिव्या घातल्या आणि पुन्हा पुसलं. पुन्हा रांग. सुमन सोफ्यावर बसून मेथी निवडत होती. ती म्हणाली, "अहो, ते मांजर तुमच्या मागं मागं फिरतंय की काय?" आणि मग तिची नजर माझ्या पावलाखाली गेली.

पाय वर करून पाहिला तर अंगठ्याच्या शेजारच्या बोटाखाली भोक. दुखत मात्र कणभर नव्हतं. दुखत नाही म्हणजे किरकोळ, असा मी निकाल दिला, त्यात हळद दाबून भरली, वर पट्टी बांधली आणि दुकानात गेलो. सगळा घोटाळा इथंच झाला. दुखणं हा शरीराचा निरोप असतो. माझ्या पायाच्या नसा साखरेनं बधिर झाल्या होत्या. याला न्यूरोपथी म्हणतात. म्हणजे निरोप्याच झोपलेला, मग निरोप कोण आणणार?

पुढं पाय सुजला. दुकानात एक बाई चपला बघता बघता नाक आक्रसून म्हणाल्या, "नवीन चामडं आलंय वाटतं?" चामडं जुनंच होतं आणि ते माझं होतं. त्याच संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला. आमच्या घरच्या डॉक्टरांनी पट्टी सोडली, आत डोकावले आणि पट्टी परत बांधायच्या आत सर्जन मॅडमना फोन लावला.

ॲडमिट झाल्यावर तपासण्या सुरू झाल्या. पहिली मोनोफिलामेंट टेस्ट. नायलॉनचा एक जाड दोरा तळपायाला वेगवेगळ्या जागी टेकवतात आणि तुम्हाला तो कळतो का हे बघतात. डोळे मिटायचे आणि स्पर्श झाला की 'हो' म्हणायचं. मी शाळेतही परीक्षेला अंदाजपंचेच बसायचो. डोळे मिटले आणि ठरावीक अंतरानं म्हणत गेलो, "हो... हो... हो..."

"दिलीपराव," मॅडम म्हणाल्या, "मी अजून दोरा पाकिटातून काढतेय."

मग डॉपलर. पायात रक्त पोचतंय की नाही हे आवाजावरून ओळखायचं यंत्र. घोट्याजवळ त्याचं टोक लावलं आणि धुण्याच्या मशीनमधून यावा तसा छप्‌छप आवाज आला. मला वाटलं, आणखी काहीतरी बिघडलं. पण मॅडम पहिल्यांदाच मनापासून हसल्या. "हा आवाज फार चांगला आहे. रक्त पोचतंय, म्हणजे जखम भरायला आशा आहे." त्या आवाजाचा अर्थ मला नंतर, शेजारच्या खाटेवरून कळला.

रक्ताच्या तपासणीत एचबीएवनसी नावाची एक चाचणी असते. ती गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगते. रोजच्या साखरेला आदल्या दिवशी भात सोडून चकवता येतं. हिला नाही. हळदीतलं, साखरपुड्यातलं, दुकानात चहाबरोबर येणारं, सुमन माहेरी गेल्यावर फ्रीजच्या मागच्या कप्प्यातलं, हिला सगळं ठाऊक होतं. मॅडमनी रिपोर्ट वाचला आणि त्या दिवसापासून मला इन्शुलिन सुरू झालं. साखर चढलेली असली की जखमेतल्या जंतूंची पंगत बसते, आणि औषधानं कितीही उठवलं तरी ती उठत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं.

शेजारच्या खाटेवर हमीदभाई होते. सुक्या मासळीचे जुने व्यापारी, पांढरीशुभ्र दाढी, आवाज मात्र बाजार भरवणारा. त्यांच्या टाचेची जखम माझ्याहून जुनी होती. पुतण्याच्या मोटारसायकलवर मागं बसले होते आणि टाच सायलेन्सरला टेकली. "वास आला दिलीपशेठ," ते सांगत, "मी पुतण्याला म्हटलं, गाडी थांबव, इथं जवळच कुठंतरी उमदा कबाब भाजतायत."

आमची दोघांची रोज सकाळी साखरेवरून स्पर्धा लागायची. सिस्टर बोटाला सुई टोचून आकडा सांगायची. माझा कमी आला की हमीदभाई म्हणायचे, "काल दुधीची भाजी टाकून दिली असणार यानं." त्यांचा कमी आला की मी मशीन तपासून घ्यायला सांगायचो.

पहिलं मोठं काम डिब्राइडमेंटचं. म्हणजे जखमेतलं मेलेलं, सडलेलं मांस कापून साफ करणं. वाळक्या फांद्या छाटल्याशिवाय झाडाला पालवी फुटत नाही, तसं. मी घाबरत विचारलं, "भूल देणार ना?" मॅडम म्हणाल्या, "देऊ. तुमच्या पायाला गरज नाही, पण तुमच्या तोंडाला आहे."

साफ केल्यावर जखमेला व्हॅक ड्रेसिंग लावलं. जखमेत स्पंज बसवतात, वरून प्लास्टिकचा कागद घट्ट चिकटवतात आणि एक नळी मशीनला जोडतात. मशीन आतला घाण द्रव हळूहळू ओढून घेतं आणि जखम आकसायला मदत करतं. कागद जरा कुठं सुटला की ते टूंटूं टूंटूं करून बोंबलतं. अक्का पहिल्यांदा भेटायला आली, खाटेवर बसली आणि तिच्या वजनानं नळी दबली.

"आरं दिल्या," ती दचकून उठली, "तुजा पाय वाजतंय!"

अक्कानं येताना पुरणपोळ्या आणल्या होत्या. साखरेच्या नाहीत, गुळाच्या हायत, म्हणून चालतील असं तिचं म्हणणं. सुमननं डबा तिच्या हातून घेतला आणि त्याच वेळी तिचं लक्ष अक्काच्या मनगटाकडे गेलं. गोऱ्यापान हातात जांभळ्या, चमकीच्या काचेच्या बांगड्या. एका हातात भरगच्च, दुसऱ्यात एक कमी.

सुमननं पर्समधून कागदाची पुडी काढली. तो तुकडा तिनं इतके दिवस जपून ठेवला होता, का ते मी विचारलं नव्हतं. तिनं तो अक्काच्या बांगडीला लावून पाहिला. रंग तोच, चमकी तीच.

"अक्का, ही कधी फुटली?"

"हलदीला. दिल्यानं हात धरून गरकन फिरवली नाय का मला, तवा याच्या घड्यालावर आपटली." एवढं बोलून अक्का थांबली. पुडीकडे बघितलं, माझ्या पायाकडे बघितलं. मग जी रडायला लागली ती थांबेना. "माज्याच बांगडीनं माज्याच भावाचा पाय..." सिस्टर धावत आली. हमीदभाईंनी आपला पाण्याचा ग्लास पुढं केला. सुमनच्या चेहऱ्यावर मात्र कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा ऊन पडलं. तिनं अक्काला पोटाशी धरलं, "तुमची चूक नाही हो अक्का," असं म्हणत पाठीवरून हात फिरवला, आणि त्या आनंदात एक पुरणपोळी स्वतः खाऊन टाकली.

अक्कानं तिथंच मनगटातल्या सगळ्या बांगड्या उतरवल्या. "तुजा पाय बरा व्हयपरतं काच हातान घालनार नाय."

याचा त्रास झाला दाजींना. चार दिवसांनी ते कावलेले आले. "दिलीप, तुजा पाय लवकर बरा कर बाबा. बायको मोकल्या हातांनी गावान फिरते. परवा मी दुकानान बिड्या घ्यायला गेलो त बाया दचकल्या. मी जित्ता हाय हे मला परत्येकाला सांगावं लागतंय."

हसत होतो सगळे, पण जखम आतून हट्टाला पेटली होती. वरून लाल, निरोगी मांस दिसत होतं आणि तरी त्याच्याखालून पू यायचा थांबेना. पुन्हा एक्स-रे झाला, मग एमआरआय. मॅडम सकाळच्या फेरीला नेहमी उभ्या उभ्या बोलत. त्या दिवशी त्यांनी स्टूल ओढून घेतलं. डॉक्टर बसले की समजावं, काहीतरी आहे.

"ऑस्टिओमायलायटिस आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे जंतू हाडापर्यंत पोचलेत. अंगठ्याशेजारच्या बोटाचं हाड पोखरलंय. ते बोट काढलं तर पाय वाचेल असं मला वाटतं. थांबलो, तर पुढं किती काढावं लागेल ते आज सांगता येणार नाही."

मी मान हलवली आणि काहीतरी विनोद सुचतो का बघितलं. सुचला नाही. बापाच्या वेळेपासून लोकांचे पाय हातात घेत आलो. रुंद पाय, चपटे पाय, भेगांचे पाय, लग्नातल्या नवऱ्यामुलींचे मेंदीचे पाय. माणूस दुकानात शिरला की त्याच्या पावलाकडे बघून मी नंबर सांगायचो. पण स्वतःच्या पायाकडे असं, निरोप द्यायला, बघायची वेळ येईल हे कधी मनात आलं नव्हतं. ते बोट अंगठ्यापेक्षा जरा लांब होतं. सुमनच्या आईनं लग्नाआधी ते बघून नाक मुरडलं होतं, कारण ज्याचं हे बोट लांब त्याचं घरात चालतं, असं म्हणतात.

सुमन माझ्या पायाशी येऊन बसली. बोटाला हात लावला. मला तो स्पर्श कळला नाही, फक्त दिसला. तेवढ्यात ती म्हणाली, "जाऊ दे. आता घरात माझं चालेल."

"आधी कुणाचं चालत होतं?" मी म्हटलं, आणि मग आम्ही दोघंही डोळे पुसत हसलो.

ऑपरेशन झालं. बोट गेलं. दुसऱ्या दिवशी अक्का आली, पांघरूण वर करून बँडेजकडे बराच वेळ बघितलं आणि सिस्टरला हळूच विचारलं, "बाय, बोट कुठं हाय?"

सिस्टर केरळची, मराठी जेमतेम. तिनं हातवारे करून सांगितलं की ते पिवळ्या पिशवीतून जातं आणि भट्टीत जाळतात.

अक्काचा चेहरा निवळला. "म्हंजे अग्नी दिला. मंग बरं झाला." थोडा विचार करून तिनं पुढं विचारलं, "दहावा करायचा का रं?"

"आणि पिंडाला कावळा शिवला नाही तर काय करायचं?" सुमन म्हणाली. "बोटाची काय इच्छा राहिली असेल, कोण ओळखणार?"

"जिलेबी!" पलीकडच्या खाटेवरून हमीदभाई ओरडले.

त्यांचं असं ओरडणं त्या आठवड्यात शेवटचंच. त्यांच्या पायावर डॉपलर लावलं तेव्हा मी पडद्याच्या अलीकडे होतो. माझ्या वेळचा तो छप्‌छप आवाज ऐकू येईल म्हणून कान देऊन पडलो होतो. आलाच नाही. मॅडमनी टोक इकडं लावलं, तिकडं लावलं. नुसती खरखर. रक्तवाहिनी उघडायचा प्रयत्न झाला, पण यश आलं नाही. गुडघ्याखाली पाय काढावा लागला. त्यांना परत आणलं तेव्हा त्यांचा मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी पडल्या पडल्या त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी डोळे उघडले, मान वळवली आणि खोल आवाजात म्हणाले, "माझा चहा कोण प्यायला?"

मी माझा दिला. बिनसाखरेचा. एक घोट घेऊन म्हणाले, "या अल्लाह, पाय गेला ते परवडलं."

मला घरी सोडलं तेव्हा मॅडम सुमनला म्हणाल्या, "औषधं मी देईन. पण यांची जखम औषधानं जेवढी भरेल त्याहून जास्त बसून भरेल. उजवा पाय जमिनीला टेकला की भरलेलं सगळं चिरडतं." याला ऑफलोडिंग म्हणतात, जखमेवरचा भार काढून घेणं. त्यासाठी मला एक गुडघ्यापर्यंतचा बूट दिला होता. तो घालून मी चंद्रावर उतरणार असल्यासारखा दिसायचो. बाथरूमपुरतं चालायचं, तेही वॉकर धरून आणि बूट घालून.

खरं सांगतो, या आजारातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे बसणं. ऑपरेशनला धीर लागतो तो तासाभराचा. बसायला महिनोन्‌महिने लागतो. दुपारी सुमन पडली की मी फ्रीजकडे निघायचो. पण बूट असा की प्रत्येक पावलाला धप्प. तिसऱ्या धप्पला आतून आवाज यायचा, "काकडी खालच्या कप्प्यात आहे." चोराच्या पायाला ढोल बांधावा तशी माझी गत होती.

एकदा अक्का घमेलं घेऊन आली. त्यात कढत पाणी, मीठ, कडुलिंबाचा पाला. "यान पाय बुडव, सगला इख उतरंल." मी बहिणीच्या प्रेमाखातर निदान चांगला पाय तरी बुडवावा म्हणून डावा पाय उचललाही. सुमननं आधी आपला हात घातला आणि किंचाळून बाहेर काढला. पंजा लालभडक. मी मात्र त्या वाफेच्या वर पाय धरून निवांत बसलो होतो, अजून एका क्षणात तो आत गेला असता आणि मला काहीच कळलं नसतं. अक्का घमेल्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग ते पाणी तिनं गॅलरीतल्या तुळशीपासून लांब ओतलं.

म्हणून हात जोडून सांगतो. आपल्यासारख्यांनी गरम पाण्यात पाय बुडवायचा नाही, शेकायचा नाही, कुरूप स्वतः ब्लेडनं तासायचं नाही, आणि घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही. देवळात जाताना मी मोजे घालून जातो. देवाला मधुमेह माहीत असणार. आणि रोज तळपाय बघायचे. स्वतःला वाकता येत नसेल तर घरातल्या माणसाला सांगा. आमच्याकडे रोज संध्याकाळी सुमन मोबाइलचा दिवा लावून माझे पाय तपासते. उरणच्या बंदरावर कंटेनर तपासत नसतील इतकं कसून. बोटांच्या फटीत काय आहे, टाचेला भेग आहे का, लाली कुठं आहे, सगळं. लग्नात तिनं माझ्याकडे इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

जखम हळूहळू वर आली. आधी वाटीएवढी, मग बटणाएवढी, मग तांदळाएवढी. एक दिवस मॅडमनी पट्टी सोडली आणि परत बांधलीच नाही. मी थांबून विचारलं, "पट्टी?"

"कशावर बांधू?" त्या म्हणाल्या.

सुमननं तिथून बाहेर पडताच अक्काला फोन केला. पलीकडून आधी दाजींचा आवाज आला, "चल, बांगड्या भरायला चल!" मग अक्काचं रडणं.

मॅडमनी मला एमसीआर चपला घालायला सांगितल्या होत्या. आत मऊ रबराचा थर असतो, पायाला कुठंच टोचत नाही. काळ्या, रुंद, पट्ट्यांच्या, दिसायला एकदम गरीब. अशा चपला मी दुकानात सगळ्यात वरच्या फळीवर, धुळीत ठेवायचो आणि कुणी मागितल्याच तर 'त्यापेक्षा हे बघा' म्हणून दुसरं काढायचो. आता त्या मी पायात घालून गल्ल्यावर बसतो. गिऱ्हाईक विचारतं, "शेठ, हे कसले?" मी सांगायला लागतो आणि माणूस चप्पल न घेता साखर तपासायला निघून जातो. धंद्याला हे वाईट आहे.

हमीदभाई आले तेव्हा बाजारात गर्दी होती. नवीन पाय, हातात काठी, डोक्यावर टोपी. नातीचं लग्न ठरलं होतं. दारातूनच ओरडले, "दिलीपशेठ, एक झकास जोडी काढा! उजवा पाय कारखान्याचा आहे, त्याला काहीही चालेल. विचारायचं ते डाव्याला विचारा."

मी त्यांच्यासमोर बसलो आणि डाव्या पायातला मोजा काढला. ते बिर्याणीच्या मसाल्याबद्दल सांगत होते. मी पाऊल हातात घेऊन सवयीनं उलटं केलं. करंगळीच्या बाजूला चिंचोक्याएवढा फोड होता आणि भोवती लाल कडं.

"हमीदभाई, हे कधीपासून?"

"काय हे?"

त्यांना पत्ताच नव्हता. उरलेला एकच पाय, अंगाचा सगळा भार हाच वाहत होता. मी मोजा खिशात कोंबला आणि गिऱ्हाइकांची माफी मागून शटर खाली ओढलं.

"अरे मियाँ, शादी पुढच्या आठवड्यात आहे! शादीनंतर बघू!"

रिक्षात बसेपर्यंत आणि बसल्यावरही ते भांडत होते. वाटेत मंडपवाल्याला फोन केला, आचाऱ्याला फोन केला, मला नमकहराम म्हणाले. दवाखान्याच्या पायऱ्या दिसल्या तसा फोन खिशात टाकला. आत मॅडमनी दिव्याखाली पाय धरला. त्यांनी फोड दाबून पाहिला, घोट्यापाशी डॉपलर लावलं. हमीदभाईंनी माझा हात पकडला होता. यंत्रातून थोडी खरखर आली आणि मग, बारीक, पण स्पष्ट, छप्‌... छप्‌... छप्‌.

"वरवरचं आहे," मॅडम म्हणाल्या. "भरेल. पण पाय टेकवायचा नाही."

"शादीत नाचायचं नाही?"

मॅडमनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. सुमननं मला फ्रीजजवळ पकडल्यावर बघावं तसं.

नातीच्या लग्नात हमीदभाई दोन खुर्च्यांवर बसले, एका खुर्चीवर ते, दुसरीवर त्यांचा पाय. मी शेजारी राखणीला. येणारा प्रत्येक पाहुणा वाकून सलाम करायचा आणि हे त्याला वर उठवून म्हणायचे, "माझे सोड, तुझे पाय दाखव." दोघांना त्यांनी तिथल्या तिथं मोजे काढायला लावले.

फोड भरला. आता आम्ही दर महिन्याला एकाच रिक्षानं तपासणीला जातो आणि बाहेरच्या बाकावर शेजारी बसून आपापल्या साखरेबद्दल थापा मारतो. परवा मॅडमनी आम्हाला एकत्रच आत बोलावलं. माझे दोन्ही पाय पाहिले, हमीदभाईंचा एक पाहिला. माझी नऊ बोटं, त्यांची पाच. एकेक बोट बाजूला करून, फटीत दिवा मारून, मनाशी मोजत त्या शेवटपर्यंत गेल्या आणि हातमोजे काढत म्हणाल्या,

"सगळी आहेत. या आता."